अंगण खरंच वाकडं असतं तेव्हा

माझ्या भाचीला जन्मापासून कमी दिसतं. डाव्या डोळ्याने जवळजवळ नाहीच, उजव्याने मोठी अक्षरं दिसतात, तीही कागद नाकाशी धरल्यावर. गेल्या वर्षी तिने मानसशास्त्र घेऊन बी.ए. पूर्ण केलं आणि पेढे घेऊन बडोद्याला आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आली. पेढे संपायच्या आत घरातल्या प्रत्येकाने तिला एकच सल्ला देऊन झाला होता: स्पेशल बी.एड. कर, अंध मुलांच्या शाळेत नोकरी मिळेल. काका तेच म्हणाले, समोरच्या काकूही तेच म्हणाल्या. रात्री गच्चीवर ती मला म्हणाली, "आत्या, मला कमी दिसतं म्हणून मला न दिसणाऱ्या मुलांनाच शिकवायचं असणार, असं सगळ्यांनी धरूनच टाकलंय. मला शिकवायचं नाहीये गं. लोक असं का धरून चालतात, ते मला समजून घ्यायचंय."

मी तिला सांगितलं की तू जे म्हणतेस त्या विषयाला नाव आहे. त्यात एम.ए. करता येतं, पीएच.डी. करता येते. जगभर त्याला डिसॅबिलिटी स्टडीज म्हणतात. मराठीत कुणी विकलांगता अभ्यास म्हणतं, कुणी अपंगत्व अभ्यास. मी स्वतः तो चाळिशीत केला, नोकरी सांभाळून. तेव्हापासून आमच्या भागातली मुलं आणि त्यांचे आईवडील विचारायला येतात, आणि दर वेळी मला पहिल्यापासून सांगावं लागतं. ते सगळं एकदा नीट लिहावं म्हणून हा लेख.

"नाचता येईना अंगण वाकडं" ही म्हण आपण सहज तोंडावर फेकतो. म्हणीत निकाल आधीच लागलेला असतो, दोष नाचणाऱ्याचा. विकलांगता अभ्यास सांगतो की निकाल द्यायच्या आधी अंगणात उतरा आणि पाणसळ लावून बघा. कधी नाचणाऱ्याचा पाय अधू असतो, कधी अंगणच वाकडं असतं, आणि पुष्कळदा दोन्ही. पाय किती अधू आहे ते मोजायला डॉक्टर आहेत. अंगण किती वाकडं आहे, ते तसं कुणी बांधलं, त्याचा जाच कुणाला होतो आणि कुणाला ते कधी जाणवतसुद्धा नाही, हे तपासायचं काम या विषयाचं.

माझ्या वडिलांना दोन वर्षांचे असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला मांडीपासून बुटापर्यंत कॅलिपर. त्याच्या गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक कडी. उभं राहिलं की कडी घसरून सांध्यावर बसायची आणि पाय ताठ राहायचा. बसायचं झालं की पँटवरूनच चाचपून दोन्ही कड्या वर ओढायच्या, मग गुडघा वाकायचा. तो खट् आवाज आला की आम्हाला कळायचं, बाबा आले आणि बसले. आमच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या, एकेक वीतभराहून उंच, कठडा नाही. त्या तीन पायऱ्या उतरायला बाबांना जितका वेळ लागे, तितक्यात मी नाक्यावरून दूध घेऊन येत असे. आम्ही कायम म्हणत राहिलो की बाबांच्या पायामुळे उशीर होतो. ते गेल्यानंतर आईचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा भावाने गवंडी बोलावला. त्याने तीन पायऱ्यांच्या पाच केल्या आणि एका बाजूला लोखंडी पाइपचा कठडा बसवला. काम दीड दिवसाचं. दीड दिवसाचं ते काम चाळीस वर्षं घरात कुणाला सुचलं नाही. बाबांनाही नाही. का सुचलं नाही, हा या विषयातला माझा पहिला प्रश्न होता आणि आजही तोच आहे.

आपल्या भाषेत यासाठी दोन चांगले शब्द आधीपासून आहेत. बाबांचा पाय अधू होता, आणि बाबा पायरीवर अडायचे. अधू असणं ही शरीराची गोष्ट. अडणं ही शरीर आणि पायरी यांच्यामध्ये घडणारी गोष्ट. पायरी बदलली तर पाय तसाच राहून अडणं कमी होतं. पाठ्यपुस्तकात यालाच इम्पेअरमेंट आणि डिसॅबिलिटी यांतला फरक म्हणतात आणि त्यावर अख्खं सत्र जातं. पण ज्या घरात अधू माणूस आहे त्या घराला हा फरक दोन मिनिटांत समजतो, असा माझा अनुभव आहे.

हा फरक पहिल्यांदा ठामपणे मांडला तो प्राध्यापकांनी नाही. १९७६ साली ब्रिटनमधल्या 'युनियन ऑफ द फिजिकली इम्पेअर्ड अगेन्स्ट सेग्रिगेशन' या संघटनेने आपली तत्त्वं छापली. संघटनेतले पॉल हंट अपंगांसाठीच्या निवासी संस्थेत राहिलेले होते. आपण काय खायचं, कधी झोपायचं हे दुसरी माणसं ठरवतात, याचा त्यांना अनुभव होता. व्हिक फिंकेलस्टाइन दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाविरुद्ध लढून तुरुंगात गेलेले आणि मग देश सोडावा लागलेले, चाकाच्या खुर्चीत वावरणारे गृहस्थ. कातडीच्या रंगावरून माणसं वेगळी काढणारी व्यवस्था त्यांनी पाहिली होती, त्यामुळे शरीरावरून माणसं वेगळी काढणारी व्यवस्था त्यांना लगेच ओळखू आली. शरीर नव्हे, समाज माणसाला अपंग करतो, असं या लोकांनी म्हटलं. पुढे १९८३ मध्ये ब्रिटिश अभ्यासक माइक ऑलिव्हर यांनी या विचाराला 'सोशल मॉडेल' म्हणजे सामाजिक प्रारूप हे नाव दिलं. आधीच्या दोन दृष्टी आपल्या ओळखीच्या आहेत. एक दयेची: बिचारा, काहीतरी दान करा. दुसरी वैद्यकीय: काय बिघडलंय ते दुरुस्त करा, होत नसेल तर अपंगत्वाचे टक्के लिहून द्या.

हा विचार मग कायद्यात आला. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, भारताने १ ऑक्टोबर २००७ ला तो मान्य केला. त्याला धरून आपला २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यातली व्याख्या वाचाल तर अधू आणि अडणं दोन्ही दिसतील: दीर्घकाळची शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची उणीव, जी अडथळ्यांशी गाठ पडल्यावर माणसाला इतरांच्या बरोबरीने समाजात सहभागी होऊ देत नाही. १९९५ च्या जुन्या कायद्यात ७ प्रकार होते, आता २१ आहेत. त्यांत सिकल सेलसारखे रक्ताचे आजारही आले. आमच्या शेजारच्या छोटा उदेपूरकडच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. बाहेरून काहीच दिसत नाही, पण दुखणं उठलं की मुलगा आठवडाभर शाळेत जाऊ शकत नाही. "याला काय झालंय, धडधाकट तर आहे" हे वाक्य अशा मुलांनी किती वेळा ऐकलं असेल!

सामाजिक प्रारूपाने सगळं सुटतं, असं मात्र समजू नका. मला हा विषय आवडतो तो तो स्वतःलाच प्रश्न विचारतो म्हणून. लिझ क्रो, टॉम शेक्सपिअर अशा अभ्यासकांनी, जे स्वतः अपंग आहेत, विचारलं की दुखण्याचं काय? थकव्याचं काय? पाच पायऱ्या आणि कठडा झाला असता तरी डिसेंबरच्या पहाटे बाबांची पोटरी वळायची ती वळलीच असती. त्या वेळी त्यांना समाजबदल नको होता, गरम पाण्याची पिशवी हवी होती. चांगला अभ्यासक्रम तुम्हाला हे दोन्ही एकत्र धरायला शिकवतो. नुसत्या घोषणा पाठ करून घेणारा विभाग असेल तर तिथे जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

आता एक उदाहरण जरा निवांत बघू, कारण पदव्युत्तर पातळीवर नेमकं काय करतात ते त्यातून कळतं. २०११ च्या जनगणनेत भारतात २ कोटी ६८ लाख अपंग माणसं नोंदली गेली, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात १३० कोटी, म्हणजे सुमारे १६ टक्के लोकांना लक्षणीय अपंगत्व आहे. मग आपण जगाहून इतके सुदृढ आहोत का? उत्तर प्रश्नपत्रिकेत आहे. जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहून विचारतो, ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का? दारात बहुतेक वेळा घरातला कर्ता माणूस असतो. घरात लग्नाची मुलगी आहे. शेजारी ऐकताहेत. तो म्हणतो, नाही. याउलट वॉशिंग्टन ग्रुप म्हणून आकडेतज्ज्ञांचा आंतरराष्ट्रीय गट आहे, त्यांनी सहा प्रश्न तयार केले आणि त्यांत 'अपंग' हा शब्द कुठेच नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का? चालायला किंवा पायऱ्या चढायला त्रास होतो का? उत्तरं चार: अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. विचारायची पद्धत बदलली की आकडा बदलतो. आणि आकड्यावर निधी ठरतो, बसगाड्या ठरतात, शाळेतले शिक्षक ठरतात. २००१ च्या जनगणनेत हा प्रश्न मुळात यावा म्हणून अपंगांच्या हक्कांसाठी लढणारे जावेद अबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना झगडावं लागलं होतं. एका प्रश्नामागचं हे सगळं राजकारण उलगडणं हे विकलांगता अभ्यासाचं काम आहे. ते डॉक्टरांचं नाही, विशेष शिक्षकांचंही नाही.

शब्दांचंही तसंच आहे. मी लहान असताना इथल्या एका गुजराती अर्जात 'खोडखांपण' असा रकाना होता. घरात मराठी, बाहेर गुजराती, अशा वाढलेल्या मला 'खोड' म्हणजे वाईट सवय एवढंच ठाऊक. बाबांची खोड कसली विचारताहेत, म्हणून मला रडू आलं होतं. नंतर कळलं की गुजरातीत त्याचा अर्थ शारीरिक व्यंग. पण विचार केला तर एका भाषेत जी सवय ती दुसऱ्या भाषेत व्यंग, आणि दोन्हीकडे दोष माणसातच. नंतर पंगू गेलं, अपंग आलं, विकलांग आलं, डिसेंबर २०१५ पासून पंतप्रधानांच्या आवाहनानंतर दिव्यांग आलं. काहींना या शब्दात आदर वाटतो. चळवळीतल्या पुष्कळांना तो नको आहे. त्यांचं म्हणणं असं की आमच्या अंगात दिव्य काही नाही, आम्हाला देवत्व नको, रॅम्प द्या. मी लेखात अपंग हाच शब्द वापरते, कारण बाबा तोच वापरायचे. समोरच्याला कोणता शब्द हवा ते त्याला विचारावं, हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.

एक शब्द बदलल्याने काय होतं हे बडोद्याला नव्याने सांगायला नको. महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता १९४७-४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारी शब्दरचना होती, ती बदलून 'सर्व मानव' करायला त्यांनी लावलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयाला त्यांचंच नाव आहे. भाचीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे सुरुवात इथूनच झालीय की."

आता व्यवहाराचं. सर्वांत मोठा गोंधळ इथे होतो: स्पेशल बी.एड., वाचा-श्रवण उपचार, कृत्रिम अवयव, पुनर्वसन मानसशास्त्र या पदव्या वेगळ्या. त्या व्यवसायाच्या पदव्या आहेत. त्यांच्यावर भारतीय पुनर्वसन परिषदेचं नियंत्रण असतं, १९९२ च्या कायद्याने तिला हा अधिकार मिळाला. अभ्यासक्रम परिषदेने मान्य केलेला हवा, आणि पदवीनंतर केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवून नंबर घ्यावा लागतो, तो नसेल तर काम करता येत नाही. विकलांगता अभ्यास ही स्त्री-अभ्यास किंवा दलित अभ्यासासारखी ज्ञानशाखा आहे. ती केल्याने तुम्हाला कुणावर उपचार करायचा किंवा विशेष शाळेत शिकवायचा परवाना मिळत नाही. ज्याला मुलांबरोबर रोज वर्गात काम करायचं आहे त्याने खुशाल स्पेशल बी.एड. करावं, ते मोलाचं काम आहे. फक्त एक समजून दुसऱ्याला प्रवेश घेऊ नये. दोन वर्षं आणि घरचे पैसे गेल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत.

भारतात या नावाची स्वतंत्र पदवी फार थोड्या ठिकाणी आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने समाजकार्याच्या एम.ए.मध्ये 'डिसॅबिलिटी स्टडीज अँड अ‍ॅक्शन' अशी शाखा चालवली. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठात विकलांगता अभ्यासाचं केंद्र आहे. तिथलं संशोधन किती दूर पोचतं बघा: सार्वजनिक जागा आणि सेवा अपंगांना वापरता येतात का, याचा अहवाल सर्वोच्च न्यायालयाने या केंद्राकडून मागवला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीसारखे ठेवून चालणार नाही, त्यांतला किमान भाग सक्तीचा करा. दिल्लीत अनिता घई यांनी मानसशास्त्रातून सुरुवात करून अपंग स्त्रियांच्या प्रश्नावर आयुष्यभर लिहिलं, शिकवलं. त्यांनाही लहानपणी पोलिओ झाला होता. बाहेरच्या देशांत ब्रिटनमधलं लीड्स जुनं केंद्र, तिथे एम.ए. साधारण वर्षभराचं. अमेरिकेत शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाने १९९८ मध्ये या विषयातली पहिली पीएच.डी. सुरू केली.

पण नावाच्या मागे धावू नका, असं मी सांगेन. आपल्याकडे पुष्कळ चांगलं काम समाजकार्य, समाजशास्त्र, कायदा, इंग्रजी, मानसशास्त्र, अगदी वास्तुशास्त्राच्या विभागात राहून झालेलं आहे. विषय हा असा आहे की तो कुठल्याही दारातून आत येतो. भाचीने बडोद्यातच समाजकार्यात एम.ए. करून प्रबंध या विषयात करायचा, असाही एक मार्ग आमच्यापुढे होता, आणि तो मला कमी प्रतीचा वाटत नाही. पदवी निवडताना मार्गदर्शक कोण मिळणार, त्यांनी स्वतः या विषयात काही केलं आहे का, विभागात शिकवणारं कुणी अपंग आहे का, एवढं विचारा. शेवटच्या प्रश्नाला समोरचा माणूस अडखळला तर त्यातूनही पुष्कळ कळतं.

अर्जाबरोबर जो स्वतःबद्दलचा निबंध द्यावा लागतो, त्यात बहुतेक मुलं लिहितात: मला दिव्यांग बांधवांची सेवा करायची आहे. भाव चांगला, पण निवड समितीला त्यातून काही कळत नाही, आणि हा विषय मुळात सेवेच्या भाषेलाच प्रश्न विचारतो. भाचीच्या पहिल्या कच्च्या प्रतीतही तेच होतं. मी तिला म्हटलं, पेढे दिलेस त्या दिवशीचं लिही. तिने लिहिलं, सात जणांनी मला तासाभरात एकच व्यवसाय सुचवला, त्यांतल्या कुणीही मला काय आवडतं ते विचारलं नाही. मग त्यातून प्रश्न काढला: अपंग तरुणींच्या करिअरचे निर्णय घरात कसे होतात? ही सुरुवात कुठल्याही विभागाला चालेल.

दोन वर्षांत काय शिकतात? सिद्धांत, चळवळींचा इतिहास, कायदा, साहित्य-सिनेमातली अपंग माणसं, जात-लिंग-गरिबी यांच्याशी अपंगत्वाची गुंफण, क्षेत्रकार्य आणि शेवटी प्रबंध. यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते संशोधन कसं करायचं हे. आपल्याकडे समाजकार्याचे विद्यार्थी दर वर्षी अंधशाळेत जातात, चाळीस फॉर्म भरून घेतात आणि परत तोंड दाखवत नाहीत. शाळेतल्या मुलांना ते फॉर्म पाठ झालेले असतात. १९९० च्या दशकात माइक ऑलिव्हर यांनी विचारलं की संशोधनाचा लगाम कुणाच्या हातात आहे? प्रश्न कोण ठरवतं, निष्कर्ष कुणाला परत सांगितले जातात? "आमच्याबद्दल काही ठरवायचं तर आम्हाला घेऊन" हे चळवळीचं ब्रीद इथे अभ्यासाची शिस्त होऊन बसतं.

विद्यार्थी स्वतः अपंग असेल तर त्याच्या हक्काचं काय आहे ते माहीत हवं. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव, आणि वयाच्या अटीत ५ वर्षांची सूट. परीक्षेत लेखनिक आणि दर तासाला किमान २० मिनिटं जादा. ४० टक्क्यांखालच्यांना काहीच मिळत नाही, असं कचेरीत कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराला याच कारणाने लेखनिक नाकारला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात सांगितलं की अपंगत्व आणि ४० टक्क्यांची रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वाजवी सोय हा हक्क आहे. या निकालाची प्रत फाईलमध्ये ठेवावी.

कागदावर हक्क असला तरी अंगण वाकडं ते वाकडंच. भाची एका ठिकाणी मुलाखतीला गेली. नाव लिहीत नाही. मुलाखत दुसऱ्या मजल्यावर, खोलीचा नंबर दाराच्या वर करड्या भिंतीवर करड्या अक्षरांत. तीन दारं ठोठावून ती चौथ्या खोलीत पोचली तेव्हा तिला उशीर झाल्याबद्दल बोलणी बसली. मुलाखतीत पहिला प्रश्न होता, "एकटी आलीस?"

त्याहून रोजचा अडथळा वाचनाचा. एम.ए.ला आठवड्याला दोनशे पानं सहज होतात. एन.व्ही.डी.ए. नावाचा फुकट मिळणारा स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो, मराठीही वाचतो. पण प्राध्यापकांनी झेरॉक्सचे फोटो काढून पीडीएफ पाठवली, तर यंत्राला त्यात अक्षरं दिसतच नाहीत, ते गप्प बसतं. पहिल्या महिन्यात भाची आणि मी रात्री बसून अशी पानं ओसीआर करत होतो, म्हणजे फोटोतली अक्षरं यंत्राकडून ओळखून घेत होतो. 'समाज' चं 'सभाज' व्हायचं, सगळे रफार उडायचे. हे घरी करणं बेकायदेशीर नाही, हेही सांगते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकासाठी वाचता येईल अशी प्रत करायला मुभा आहे. न पाहू शकणाऱ्यांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला मराकेशचा करार २०१४ मध्ये सर्वांत आधी भारताने मान्य केला. २०१६ पासून सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय आहे, तिथे सभासद व्हा. आणि प्राध्यापकांना सत्राच्या आधी भेटून सांगा की मला वर्डची फाईल हवी. बहुतेक जण देतात. त्यांना आधी कुणी मागितलेलीच नसते.

पैशाचं थोडक्यात. अपंग विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या दहावीनंतरच्या आणि नामांकित संस्थांतल्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आहेत, पीएच.डी.साठी राष्ट्रीय फेलोशिप आहे, परदेशासाठी नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप. सगळ्यांना यू.डी.आय.डी. कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, लागतं, ते आधी करून घ्या, कारण वैद्यकीय मंडळाची तारीख मिळायला वेळ जातो.

नोकरीचं खरं सांगायचं तर या पदवीला लागून एखादं ठरलेलं सरकारी पद नाही. आईवडिलांना हे आधीच सांगावं. कामं मात्र आहेत: स्वयंसेवी संस्था, धोरण-संशोधन, विद्यापीठांचे समान संधी कक्ष, वेबसाइट आणि ॲप अपंगांना वापरता येतात का हे तपासणं, पत्रकारिता, अध्यापन. २०१६ च्या कायद्याने प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण लागतं, आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी कंपन्यांनाही त्यात बराच तपशील द्यावा लागतो. तो लिहिणारी जाणती माणसं अजून फार थोडी आहेत.

भाचीला प्रवेश मिळाला. कुठे, ते तिचं ती सांगेल. प्रबंधाचा विषय तिने करिअरवरून बदलून पुरावर आणला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या विश्वामित्री नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं, तेव्हा शहरातली कितीतरी घरं दिवसेंदिवस पाण्यात होती. तळमजल्यावर राहणारी, ज्यांना जिना चढता येत नाही, ज्यांना भोंग्यावरची सूचना ऐकू येत नाही, अशी माणसं त्या दिवसांत काय करत होती? २०१६ च्या कायद्याचं ८ वं कलम सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवावी. तिला लोकांनाच विचारायचं आहे की त्यांच्यापर्यंत काय पोचलं, कसं पोचलं, कधी पोचलं.

मागच्या महिन्यात तिच्याबरोबर मी नदीकाठच्या एका सोसायटीत गेले. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, गुजराती आणि मराठी दोन्ही सारख्याच ओघाने बोलणाऱ्या. भाचीने वहीत डोकं घालून वॉशिंग्टन ग्रुपचा तिसरा प्रश्न विचारला, "आजी, तुम्हाला पायऱ्या चढायला त्रास होतो का?"

आजींनी विचारलं, "कुठल्या पायऱ्या? आमच्या जिन्याला कठडा आहे, त्या मी रोज चढते. बँकेच्या विचारत असशील तर तिथे मी दोन वर्षांत गेले नाही."

भाचीने हातातल्या चार पर्यायांकडे पाहिलं, मग तो कागद बाजूला ठेवला आणि म्हणाली, "आजी, बँकेचं सांगा आधी."